निवडून आलेला विद्यार्थी प्रतिनिधी वर्षभर नेमके काय करतो?

सुरगाण्याहून नाशिकला शिकायला आलेली, आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहणारी आणि कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सत्र परीक्षेचा निकाल लागला आणि एका विषयाच्या अंतर्गत गुणांच्या रकान्यात ती ‘गैरहजर’ असल्याची नोंद निघाली. चाचणी तिने दिली होती, उत्तरपत्रिकेवर सरांची सहीही तिने पाहिली होती. महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारले तर गुण विद्यापीठाला पाठवले असल्याचे सांगण्यात येते. विद्यापीठ मात्र पुण्यात, गणेशखिंडीत, नाशिकपासून सुमारे २१० किलोमीटरवर आहे. तिकडे जायचे म्हणजे एसटीचे भाडे, बुडालेले तास आणि कोणत्या खिडकीवर उभे राहायचे याची धास्ती. दरम्यान शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी निकाल मागितला जातो आणि तो अर्जही अडकतो. चूक एका रकान्यातली असते, पण त्या रकान्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता या मुलीला कोणी दाखवलेला नसतो.

विद्यार्थी प्रतिनिधीचे काम हा रस्ता माहीत करून घेण्याचे आणि त्यावरून इतरांना घेऊन जाण्याचे आहे. निवडणुकीतील घोषणा, गुलाल आणि सत्कार लोकांच्या लक्षात राहतात, पण त्यानंतरचे आठ-नऊ महिने हा मुलगा किंवा ही मुलगी काय करते, कोणत्या बैठकीत बसते, तिला काय करता येते आणि काय करता येत नाही, याविषयी पालकांना सोडाच, मत देणाऱ्या विद्यार्थ्यांनाही फारसे ठाऊक नसते. म्हणून हे सगळे जरा सविस्तर मांडते.

सुरुवातीला नावाचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘विद्यार्थी परिषद’ म्हटले की अनेकांना १९४९ साली स्थापन झालेली अखिल भारतीय विद्यार्थी परिषद ही संघटना आठवते. ती संघटना, तसेच १९७० चे स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडिया किंवा १९७१ चे एनएसयूआय, या ऐच्छिक सदस्यत्वाच्या संघटना आहेत. कोणीही त्यांत जावे किंवा जाऊ नये. या लेखात ज्या विद्यार्थी परिषदेविषयी बोलत आहे, ती मात्र कायद्याने निर्माण केलेली रचना आहे. प्रवेश घेतलेला प्रत्येक पूर्णवेळ विद्यार्थी तिचा मतदार आहे, आणि तिचे पदाधिकारी मत न देणाऱ्यांचे, विरोधात मत देणाऱ्यांचे आणि निवडणुकीच्या दिवशी गावी गेलेल्यांचेही प्रतिनिधी असतात. संघटना आपल्या विचाराच्या विद्यार्थ्यांसाठी बोलू शकते. परिषदेला ती सवलत नाही.

ही रचना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ या कायद्यात घालून दिलेली आहे आणि तो कायदा मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार महाविद्यालयात प्रत्येक वर्ग आपला प्रतिनिधी निवडतो, आणि त्याखेरीज सर्व विद्यार्थी मिळून अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातील एक प्रतिनिधी निवडतात. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक क्षेत्रांतील विद्यार्थी नामनिर्देशनाने येतात. विद्यापीठाच्या पातळीवर मात्र सर्वसाधारण विद्यार्थी थेट मत देत नाही. महाविद्यालये आणि विद्यापीठ विभाग यांतून निवडून आलेले पदाधिकारी हेच विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे मतदार असतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर असे तीन जिल्ह्यांचे आहे. त्यामुळे कळवण किंवा येवल्याच्या महाविद्यालयातील अध्यक्ष हा पुण्यातील कारभाराशी जोडणारा एक खरा धागा ठरू शकतो, आणि दूरच्या तालुक्यांसाठी त्याचे मोल शहरातील महाविद्यालयापेक्षा जास्त आहे, असे मला वाटते.

निवडणूक असावी की गुणवत्तेवर नेमणूक व्हावी, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. महाविद्यालयीन निवडणुकांतील हाणामाऱ्या आणि हिंसाचार यांमुळे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि मागील परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाचा प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. मी त्याच पद्धतीने नाशिकच्या एका महाविद्यालयात वर्गप्रतिनिधी झाले होते. मला वर्गाने निवडले नव्हते, माझ्या गुणपत्रिकेने निवडले होते. आमचे प्रात्यक्षिक संध्याकाळी साडेपाचला संपायचे आणि ग्रंथालय पाच वाजता बंद व्हायचे, ही साधी अडचण घेऊन मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, ‘पाहू’ म्हणाले, आणि वर्ष संपले. पुन्हा विचारायला मी गेले नाही, कारण ज्यांनी मला नेमले त्यांनाच जाब विचारायचा धीर मला झाला नाही. आणि वर्गातल्या मुलींनीही मला कधी विचारले नाही, कारण त्यांनी मला पाठवलेलेच नव्हते. निवडणुकीतले धोके मला नाकारायचे नाहीत. परंतु प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी आहे, हे त्याला तिथे कोणी बसवले यावरून ठरते, ही गोष्ट मी त्या वर्षी स्वतः अनुभवली.

देशपातळीवर या प्रश्नाचा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने केला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह तिचे अध्यक्ष होते. समितीने २००६ च्या मे महिन्यात अहवाल दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयाने शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. त्या शिफारशी वाचल्या की निवडणुकीला पैसा आणि दंडेली यांपासून दूर ठेवण्याची तळमळ दिसते: उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा, छापील भित्तिपत्रकांना मनाई आणि हाताने लिहिलेल्या फलकांनाच परवानगी, ७५ टक्के हजेरीची अट, पदवीच्या विद्यार्थ्यासाठी १७ ते २२ वर्षे वय, पदाधिकारी म्हणून निवडणूक लढवण्याची एकच संधी, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत दहा दिवसांहून अधिक काळ लागू नये ही मर्यादा, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब सादर करण्याचे बंधन. यांपैकी हिशेबाची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण ज्याने पाच हजारांचा हिशेब नीट ठेवला तो पुढे परिषदेच्या निधीविषयी प्रश्न विचारायला पात्र ठरतो.

महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने निवडणुकीचे दार पुन्हा उघडले. २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झाले, पण विधानसभा निवडणुकीमुळे ते पुढे ढकलले गेले, आणि नंतर कोरोनाची साथ आली. कायदा आहे आणि निवडणूक नाही, असा मोठा काळ त्यामुळे गेला. या काळात ज्या पिढ्या महाविद्यालयातून बाहेर पडल्या, त्यांना परिषद म्हणजे गॅदरिंगची तयारी करणारे मंडळ एवढेच ठाऊक राहिले. वार्षिक स्नेहसंमेलन वाईट नाही, त्यातून अनेक लाजऱ्या मुलामुलींना धीर येतो. पण सगळे वर्ष त्यातच संपले तर गैरहजर दाखवलेल्या मुलीचा रकाना तसाच राहतो.

आता मूळ कामाकडे येऊ. तक्रार ऐकताना चांगला प्रतिनिधी आधी हे शोधतो की ही एकट्याची अडचण आहे की अनेकांची. सुरगाण्याच्या त्या मुलीचे ऐकून तो वर्गात चौकशी करील, आणि बहुतेक वेळा त्याला कळेल की त्याच विषयात आणखी कितीतरी जणांना गैरहजर दाखवले आहे. तसे असेल तर चूक त्या मुलीच्या अर्जात नाही, तर त्या तुकडीचे गुण विद्यापीठाच्या प्रणालीत भरले गेलेच नसावेत. आता अर्ज एकटीचा राहत नाही. बैठक क्रमांकांची यादी जोडलेले, विषयाचा सांकेतांक आणि चाचणीची तारीख लिहिलेले एकच पत्र तयार होते, आणि प्राचार्यांना ते महाविद्यालयाच्या शिफारशीसह परीक्षा विभागाकडे पाठवावे लागते. चाळीस मुलांनी वेगवेगळ्या दिवशी कार्यालयात येऊन चाळीस वेळा विचारले तर लिपिक वैतागतो. एकच यादी हातात आली तर त्याचेही काम हलके होते. कार्यालयातील माणसे शत्रू नसतात. त्यांच्यावर कामाचा भार असतो आणि त्यांना कागद हवा असतो, हे प्रतिनिधीने मनापासून समजून घेतले पाहिजे.

म्हणूनच तोंडी तक्रारीवर या कामात काहीही उभे राहत नाही. पत्राच्या दोन प्रती करायच्या, एक आवक-जावक टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच म्हणून जपायची. ग्रंथालयाच्या वेळेसाठी मी हे केले असते तर निदान पुढच्या वर्षीच्या मुलीला माझ्या पत्राचा क्रमांक देता आला असता. पत्रात राग कमी आणि तपशील जास्त असावा. ‘वारंवार विनंती करूनही’ असे लिहिण्याऐवजी आधीच्या दोन पत्रांच्या तारखा लिहिल्या, तर वाचणाऱ्याला टाळाटाळ करायला जागा उरत नाही.

तपशिलाबरोबर नियम माहीत असावा लागतो. उदाहरणार्थ, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न विद्यापीठाने करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो लावावा, असे कायद्यातच म्हटलेले आहे. हे ठाऊक असलेला प्रतिनिधी ‘निकाल लवकर लावा’ अशी विनवणी करीत नाही. अमुक तारखेला परीक्षा संपली, अमुक तारखेला ४५ दिवस झाले, तेव्हा विलंबाचे कारण आणि नवी तारीख कळवावी, असे तो लिहितो. गुणांविषयी शंका असलेल्या विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याचा आणि मग पुनर्मूल्यांकनाचा मार्ग आहे, आणि आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र छायाप्रतीच्या अर्जाला ठरावीक मुदत असते आणि अनेक विद्यार्थी ती केवळ न कळल्यामुळे चुकवतात. मुदतीची सूचना त्याच दिवशी वर्गावर्गांत आणि वसतिगृहाच्या फलकावर पोहोचवणे हे दिसायला क्षुल्लक काम आहे, पण एखाद्याचे वर्ष त्यावर वाचते.

शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. महाडीबीटी संकेतस्थळावर विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनवर जातो, तिथे तपासून पुढे विभागाकडे पाठवला जातो. विद्यार्थी समजतो की आपला अर्ज शासनाकडे गेला, आणि प्रत्यक्षात तो त्याच इमारतीत दोन खोल्यांपलीकडे प्रलंबित असू शकतो, किंवा जात प्रमाणपत्राची प्रत अस्पष्ट आहे म्हणून परत पाठवलेला असू शकतो. प्रतिनिधीने दर पंधरा दिवसांनी महाविद्यालयाकडे प्रलंबित आणि परत पाठवलेल्या अर्जांची संख्या विचारावी, आणि आपला अर्ज परत आला आहे का हे पाहण्याची आठवण प्रत्येक वर्गाला करून द्यावी. नाशिकमध्ये आदिवासी विकास आयुक्तालय आहे, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी आणि कळवण येथून शेकडो मुले शिकायला येतात, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाची रक्कम देणाऱ्या स्वयंम योजनेचा आधार असतो. या शहरातील विद्यार्थी परिषदेने शिष्यवृत्तीच्या कामाला पहिले स्थान दिले नाही, तर ती आपल्याच मतदारांतील सर्वांत गरजू मुलांना विसरली असे म्हणावे लागेल.

काही प्रश्न पत्राने सुटत नाहीत, कारण त्यांना निर्णय आणि पैसा लागतो. त्यासाठी कायद्याने प्रतिनिधीला बैठकीत जागा दिली आहे. महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे दोघेही सदस्य असतात, आणि या समितीची वर्षातून किमान चार वेळा बैठक होणे अपेक्षित आहे. संस्थाचालक, प्राचार्य, प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी जिथे अंदाजपत्रकावर बोलतात, तिथे एकोणीस-वीस वर्षांची दोन मुले बसलेली असतात. बहुतेक वेळा ती गप्प राहतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण बैठक कशी चालते हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. बैठकीत अचानक उठून बोलण्याचा उपयोग फारसा होत नाही. आपला मुद्दा आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावणे, सोबत आकडे ठेवणे, एखाद्या प्राध्यापक सदस्याला आधी भेटून समजावून सांगणे, आणि बैठकीनंतर इतिवृत्तात आपला मुद्दा नेमका कोणत्या शब्दांत आला आहे हे तपासणे, हे खरे कौशल्य आहे. इतिवृत्तात जे लिहिले गेले नाही ते पुढच्या बैठकीत झालेच नव्हते असे मानले जाते.

विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, असतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल तिथे चर्चेला येतात. कमवा व शिका योजनेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तासाला किती मानधन मिळावे, नाशिकच्या उपकेंद्रात कोणत्या सेवा मिळाव्यात म्हणजे विद्यार्थ्याला पुण्याला जावे लागणार नाही, अशा गोष्टींसाठी बोलायची जागा ती आहे. पण तिथे बोलणाऱ्याकडे चांदवड, मनमाड, सटाणा, इगतपुरी येथून माहिती यायला हवी, आणि ती महाविद्यालयांतील प्रतिनिधींनीच पाठवायची असते.

पैशाविषयी एक साधा सल्ला द्यावासा वाटतो. निवडून आल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतःची फी पावती काढून शांतपणे वाचावी. जिमखाना, ग्रंथालय, विद्यार्थी कल्याण, स्नेहसंमेलन असे रकाने त्यात असतात. एका विद्यार्थ्याचा आकडा लहान असतो, त्याला विद्यार्थिसंख्येने गुणले की तो लहान राहत नाही. मग त्या रकान्यातील रक्कम त्याच कामासाठी खर्च होते का, हे नम्रपणे, लेखी आणि आकड्यांसह विचारता येते.

महाविद्यालयाबाहेरच्या यंत्रणांशीही संबंध येतो. शहर बससेवा ‘सिटीलिंक’ जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. सकाळच्या तासाला सिडकोतून किंवा नाशिकरोडहून गंगापूर रोडवर येणाऱ्या मुलांना एखादी फेरी पंधरा मिनिटे आधी हवी असेल, तर कोणत्या थांब्यावरून किती विद्यार्थी चढतात याची एका आठवड्याची नोंद करून अर्ज द्यावा लागतो. ग्रामीण भागातून येणाऱ्यांसाठी हाच अर्ज एसटीच्या आगारप्रमुखाकडे जातो, आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकल्यावर मुली घरी कशा जातात, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. हा भाग महिला प्रतिनिधीने हाती घ्यावा असे सुचवले जाते, पण मुलींच्या प्रवासाचा प्रश्न एकट्या तिच्यावर सोपवून बाकीच्यांनी मोकळे व्हावे, हे मला पटत नाही.

काही तक्रारींत मात्र प्रतिनिधीने स्वतः पुढे जाऊन सोडवणूक करायची नसते, आणि हे समजणे फार महत्त्वाचे आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात त्या समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावेत. रॅगिंगसाठी आयोगाचे २००९ चे नियम, रॅगिंगविरोधी समिती आणि १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी आहे. अशा प्रसंगी प्रतिनिधीने चौकशी करू नये, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट तर मुळीच घडवू नये. तक्रारदाराचे ऐकावे, नाव कोठेही उच्चारू नये, योग्य समितीचा पत्ता द्यावा आणि तक्रारदार तयार असेल तर सोबत जावे. चांगल्या हेतूने केलेली मध्यस्थी इथे मोठे नुकसान करते.

इतर तक्रारींसाठी आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती नेमण्याचे बंधन घातले आहे. समितीने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यावा, निर्णय मान्य नसेल तर विद्यार्थ्याने १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करावे आणि लोकपालांनी ३० दिवसांत निवाडा करावा, असा तो क्रम आहे. या समितीवरील विद्यार्थी सदस्य गुणवत्तेवर नेमलेला विशेष निमंत्रित असतो, निवडून आलेला नसतो. म्हणून परिषदेच्या पदाधिकाऱ्याने त्याच्याशी ओळख ठेवणे आणि किती तक्रारी आल्या, किती मुदतीत निकाली निघाल्या, हे विचारत राहणे गरजेचे ठरते.

प्रतिनिधीला आदेश देण्याचा अधिकार कोठेही नाही. तो गुण बदलू शकत नाही, प्राध्यापकाची रिक्त जागा भरू शकत नाही, हजेरी माफ करू शकत नाही. ‘तू निवडून आलास, मग माझी हजेरी लावून दे’ असे मित्र हक्काने सांगतात तेव्हा नाही म्हणणे हीच त्याची पहिली परीक्षा असते. शिवाय त्याला स्वतःलाही अभ्यास, प्रात्यक्षिके आणि बहुधा अर्धवेळ नोकरी असते, आणि या कामाचे गुण कोणत्याही सत्रात मिळत नाहीत.

नाशिकमध्ये आणखी एक बाजू आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला आहे आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचेही मुख्यालय याच शहराजवळ आहे. दोन्हींचे कार्यक्षेत्र सर्व राज्यभर पसरलेले आहे. म्हणजे आपल्याला पुणे जितके दूर, त्याहून कितीतरी दूर गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गच्या विद्यार्थ्याला नाशिक आहे. आपल्या शहरात दोन दिवसांचा प्रवास करून एका दाखल्यासाठी आलेला मुलगा रिक्षावाल्याला म्हसरूळचा रस्ता विचारत असेल, तर सुरगाण्याच्या मुलीचीच गोष्ट तो जगत असतो.

परिषदेची मुदत एका शैक्षणिक वर्षाची असते. कार्यालयातील लिपिकाला दहा वर्षांचे आठवते, संस्थेला पन्नास वर्षांचे आठवते, आणि विद्यार्थ्यांची स्मृती दर उन्हाळ्यात पुसली जाते. ती टिकवण्याचे एकच साधन माझ्या माहितीत आहे: फाईल. वार्षिक परीक्षेच्या आधी जुन्या सचिवाने एका फाईलमध्ये वर्षभरातील पत्रांच्या पोच, बैठकांची इतिवृत्ते, परीक्षा विभागाशी झालेला पत्रव्यवहार आणि जमाखर्च क्रमाने लावावा, आणि वर एका कोऱ्या कागदावर तीन-चार ओळींत लिहावे की अंतर्गत गुणांची दुरुस्ती झाली, ग्रंथालयाची वेळ समितीपुढे आहे, सकाळच्या बससाठी दुसरे पत्र जूनमध्ये द्यायचे आहे, आणि त्याचा मसुदा शेवटच्या पानाला जोडला आहे.